वजन, लिव्हर आणि वारसा: इन्सुलिन रेझिस्टन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लास्टिकच्या पिशवीतून सोनोग्राफीचा रिपोर्ट बाहेर येतो, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ या ओळीवर बोट ठेवलं जातं आणि मागोमाग प्रश्न येतो: “डॉक्टर, हे आमच्या घराण्यातच आहे का?” बरेचदा आहे. पण घराण्यातून नेमकं काय आलंय, याबद्दलचा लोकांचा अंदाज सहसा चुकतो. भूक किती लागावी, चरबी साठवायला जागा किती असावी आणि लिव्हरमध्ये शिरलेली चरबी बाहेर किती निघावी, ही तीन खाती वेगळी आहेत आणि त्यांची जनुकंही बऱ्याच अंशी वेगळी आहेत. खालचे प्रश्न ओपीडीत वरचेवर येणारे आहेत, आणि त्यातला निम्मा गोंधळ ही तीन खाती एकत्र केल्यामुळे होतो.

लिव्हर इन्सुलिनचं ऐकत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

आपण झोपलेलो असताना मेंदूला साखर पुरवायचं काम लिव्हर करतं. ७० किलोच्या माणसाचं लिव्हर उपाशीपोटी तासाला साधारण ८ ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं, म्हणजे चहाचे जेमतेम दोन चमचे. त्यासाठी सुमारे १०० ग्रॅमचा साठा त्याच्याकडे असतो, शिवाय नवीन साखर बनवायची सोयही असते. आपण जेवलो की स्वादुपिंडातून इन्सुलिन निघतं आणि ते हातापायांकडे जाण्याआधी थेट लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत उतरतं. निरोप साधा असतो: बाहेरून साखर आली आहे, तू तुझा नळ बंद कर.

इन्सुलिन रेझिस्टन्स असलेलं, म्हणजे इन्सुलिनला दाद न देणारं लिव्हर हा नळ पुरता बंद करत नाही. “रात्री नऊला जेवलो, नंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, तरी सकाळची शुगर रात्रीपेक्षा जास्त कशी?” असं विचारणाऱ्यांवर बायको लपूनछपून खाल्ल्याचा संशय घेते. तसं काही नसतं. ती साखर रात्रभर घरातच तयार झालेली असते.

मग लिव्हर इन्सुलिनला पूर्ण बहिरं झालेलं असतं का?

नाही, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग हाच आहे. इन्सुलिन लिव्हरला दोन हुकूम देतं: साखर बनवणं थांबव, आणि आलेल्या साखरेची चरबी कर. टाइप २ मधुमेहात पहिला हुकूम ऐकला जात नाही, दुसरा मात्र चालूच राहतो. त्यामुळे साखर वाढते, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढतात आणि लिव्हरही तुपकट होतं. अमेरिकेतल्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या नोबेल विजेत्या जोडीने २००८ मध्ये हा विरोधाभास नेमक्या शब्दांत मांडला.

याचा पुरावा दुर्मिळ जनुकीय आजारांतून मिळाला. काही माणसांमध्ये इन्सुलिन रिसेप्टरच्याच जनुकात, म्हणजे दारावरच्या बेलमध्येच बिघाड असतो. त्यांचा इन्सुलिन रेझिस्टन्स भयंकर असतो, पण लिव्हर स्वच्छ आणि ट्रायग्लिसराइड नॉर्मल! दोन्ही हुकूम दारातच अडतात. याउलट दाराच्या आत, एकेटी२ नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठते. लिव्हरमधली सगळी चरबी तिथेच तयार होते असंही नाही म्हणा. फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये मोजणी केली तेव्हा जवळपास ५९ टक्के चरबी शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून वाहून आलेली, २६ टक्के लिव्हरने साखरेपासून बनवलेली आणि १५ टक्के थेट ताटातली निघाली. यातला कोणता वाटा जास्त महत्त्वाचा, यावर संशोधक अजून हमरीतुमरीवर येतात.

लठ्ठपणा खरंच जनुकांमुळे येतो, की ती खाण्याची सबब आहे?

१९९० साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लॉड बुशार यांच्या गटाने एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या निवडल्या आणि त्यांना १०० दिवसांपैकी ८४ दिवस, रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खाऊ घातलं. जादाचं खाणं सगळ्यांना अगदी मोजून सारखं. सरासरी वजन ८.१ किलोने वाढलं. पण कुणाचं फक्त ४.३ किलो वाढलं, कुणाचं १३.३! आणि जुळ्या भावांचे आकडे एकमेकांच्या जवळ होते; दोन वेगळ्या जोड्यांमधला फरक भावाभावांमधल्या फरकाच्या तिप्पट होता. पोटाच्या आत, आतड्यांभोवती किती चरबी साठली, त्यातही भाऊ भावासारखाच निघाला.

तेव्हा “मला पाणीसुद्धा लागतं अंगाला” असं म्हणणारी बाई खोटं बोलत नसते, थोडी अतिशयोक्ती करत असते इतकंच. तिच्या जावेला तेवढंच खाऊन अंगाला लागत नाही, हे तिचं निरीक्षण खरं असू शकतं.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून बीएमआयमधल्या (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्यातल्या) फरकांपैकी ४० ते ७० टक्के फरक आनुवंशिक धरला जातो. याचा अर्थ तुमच्या ८० किलोंपैकी ५० किलो आईबाबांकडून आले असा नव्हे. एकाच परिस्थितीत राहणारी माणसं एकमेकांपेक्षा वेगळी का दिसतात, याचा तो हिशोब आहे. परिस्थितीच बदलली, दारात सायकलऐवजी स्कूटर आली, तर सगळ्यांचंच वजन वर सरकतं. जनुकांनी कुणाचा नंबर कितवा ते ठरतं.

ही जनुकं पोटात काम करतात की डोक्यात?

मुख्यतः डोक्यात. हा शोध लागला एका उंदरामुळे. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत १९४९ मध्ये अफाट खाणारा, गोलमटोल उंदीर सापडला. तिथल्याच डग्लस कोलमन यांनी पुढे असे उंदीर दुसऱ्या उंदरांच्या रक्ताभिसरणाला जोडून दाखवलं, की रक्तातून फिरणारा ‘पुरे आता’ असा काहीतरी निरोप या उंदरांमध्ये तयारच होत नाही. तो निरोप म्हणजे लेप्टिन. त्याचं जनुक १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांनी शोधलं. ते चरबीच्या पेशीत तयार होतं आणि मेंदूला साठ्याची वर्दी देतं.

१९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांना एकाच पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन चुलत-मावस नात्यातली मुलं भेटली. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा २ वर्षांचा, २९ किलो. दोघांच्याही रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. मुलीला रोज लेप्टिन टोचायला सुरुवात केल्यावर वर्षभरात १६ किलो वजन उतरलं. ज्या पोरीला “हावरट” म्हणून लोक आईला बोल लावत असणार, तिची भूक एका इंजेक्शनने माणसासारखी झाली.

मग मलाही लेप्टिन घेता येईल का?

नाही. सर्वसाधारण लठ्ठपणात लेप्टिन कमी नसतं, उलट जास्तच असतं. मेंदूच दाद देत नाही.

एफटीओ जनुकाबद्दल खूप वाचलं. ते असेल तर व्यायामाचा काय उपयोग?

२००७ मध्ये सापडलेला एफटीओचा बदल हा सामान्य लठ्ठपणाशी जोडलेला सर्वांत ठळक दुवा. आणि ‘सर्वांत ठळक’ म्हणजे किती? आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही जोखमीच्या प्रती आलेल्यांचं वजन, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने जास्त. बस. तीन किलो. जी माणसं अंग हलवतात त्यांच्यात एफटीओचा हा परिणाम सुमारे एक चतुर्थांशाने कमी दिसतो. २०१८ मध्ये सात लाख लोकांच्या अभ्यासातून बीएमआयशी जोडलेल्या ९४१ जनुकीय जागा मिळाल्या, तरी त्या सगळ्या मिळून फरकाचा जेमतेम ६ टक्के भाग उलगडतो.

आपल्याकडच्या माहितीत एक वेगळी खोच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की भारतीयांमध्ये एफटीओचा मधुमेहाशी असलेला संबंध वजनाचा हिशोब वजा केल्यावरही पुरता पुसला जात नाही.

मी तर बारीक आहे, दारूला शिवत नाही. मला कसं काय फॅटी लिव्हर आणि इन्सुलिन रेझिस्टन्स?

याज्ञिकांचंच उदाहरण घेऊ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे संशोधक जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर जुळे, आतून दुप्पट-तिप्पट फरक.

जुन्या घरातली कणगी आठवा. कणगीत धान्य मावतं तोवर घर नीटनेटकं असतं. कणगी लहान असेल तर पीक थोडं जास्त आलं तरी पोती ओटीवर, माजघरात, देवघरात येऊन पडतात. त्वचेखालची चरबी, विशेषतः मांड्या आणि नितंबांवरची, ही आपली कणगी. ती लहान असेल तर उरलेली चरबी लिव्हर आणि स्नायूंच्या पेशीत मुक्काम ठोकते आणि तिथे इन्सुलिनच्या कामात पाय घालते. कणगी जवळजवळ नसलेला आजारही आहे, लिपोडिस्ट्रॉफी. एलएमएनए किंवा पीपीएआरजी अशा एखाद्या जनुकात दोष, हातापायांवर चरबीच नाही, शिरा दोरीसारख्या वर आलेल्या; दिसायला पैलवान, आणि लिव्हर चरबीने गच्च, शुगर हाताबाहेर. २०१७ मध्ये केंब्रिजच्या गटाने इन्सुलिन रेझिस्टन्सशी जोडलेल्या ५३ जनुकीय जागा एकत्र पाहिल्या, तेव्हा त्यांचा रोख खालच्या अंगावरची चरबी कमी असण्याकडे दिसला. म्हणजे सामान्य माणसांतही या आजाराची फिकट छटा असते.

इन्सुलिन रेझिस्टन्सची जनुकं म्हणजे लठ्ठपणाची जनुकं नव्हेत, ते यासाठीच. सामोआ बेटांवरच्या लोकांत सीआरईबीआरएफ जनुकाचा एक बदल मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याने वजन चांगलंच वाढतं, पण मधुमेहाची जोखीम कमी होते! मोठी कणगी.

येल विद्यापीठात २००६ मध्ये तपासलेल्या सडपातळ, तरुण, भारतीय वंशाच्या पुरुषांमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स इतरांपेक्षा कितीतरी जास्त होता आणि लिव्हरमधली चरबी जवळपास दुप्पट. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात, आणि कंबर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं असतं. टेप बेंबीपाशी नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची. पोट आत ओढून नाही!

फॅटी लिव्हरचं असं खास जनुक आहे का?

आहे. पीएनपीएलए३. २००८ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या गटाने हजारो लोकांच्या लिव्हरमधली चरबी एमआरआयच्या तंत्राने मोजली आणि जनुकांशी ताडून पाहिली. या एका जनुकात, प्रथिनाच्या १४८ व्या जागी एक अक्षर बदललं आणि दोन्ही प्रती तशाच आल्या, तर लिव्हरमधली चरबी दुपटीहून जास्त भरली. बिघडलेलं प्रथिन चरबीच्या थेंबांवर चिकटून बसतं, वेळेवर मोडीत निघत नाही, आणि चरबी फोडणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचा मदतनीस अडकवून ठेवतं. दारातच गाडी लावून बसलेल्या शेजाऱ्यासारखं.

पण या चरबीमुळे इन्सुलिन रेझिस्टन्स फारसा वाढत नाही. साखर नॉर्मल, ट्रायग्लिसराइड नॉर्मल आणि लिव्हर मात्र हळूहळू कडक होत जातं, अशी माणसं असतात; “शुगर नाही ना, मग सोडा” म्हणून ती निसटतात. टीएम६एसएफ२ या जनुकाचा बदल तर चरबी लिव्हरमधून रक्तात सोडतच नाही: कोलेस्टेरॉल कमी, हृदयाला थोडा दिलासा, लिव्हरला जोखीम. जीसीकेआरच्या बदलात साखरेची चरबी करायचा वेग वाढतो, त्यामुळे ट्रायग्लिसराइड वर आणि उपाशीपोटीची साखर किंचित खाली. एचएसडी१७बी१३ चा एक बदल उलट लिव्हरला जपतो.

घाईघाईत निष्कर्ष काढला की काय होतं याचाही एक नमुना. २०१० मध्ये भारतीय वंशाच्या पुरुषांत एपीओसी३ जनुकाचे बदल असलेल्या ३८ टक्क्यांना फॅटी लिव्हर आणि नसलेल्यांत शून्य, असं छापून आलं. ‘भारतीयांचं फॅटी लिव्हर जनुक’ म्हणून त्याचा गवगवा झाला. पुढच्याच वर्षी डॅलसच्या मोठ्या अभ्यासात तो संबंध दिसला नाही. संख्या लहान होती, ९५ माणसं.

आधी फॅटी लिव्हर की आधी इन्सुलिन रेझिस्टन्स?

दोन्हीकडून रस्ता आहे. चरबीचे साठे इन्सुलिनला जुमानेनासे झाले की चरबी लिव्हरकडे वाहते. लिव्हरमध्ये चरबीचे अर्धवट तुकडे साठले की इन्सुलिनचा निरोप आत पोचवणाऱ्या साखळीत खोडा बसतो. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनने चरबी आणखी बनते. पीएनपीएलए३ हा त्यातला आडवाटेने जाणारा प्रवासी.

आपले पूर्वज दुष्काळात जगले म्हणून आपल्याला हे होतं, खरं का?

१९६२ मध्ये जेम्स नील यांनी ‘काटकसरी जनुका’ची, म्हणजे टंचाईच्या काळासाठी चरबी साठवून ठेवणाऱ्या जनुकाची कल्पना मांडली, आणि ती व्हॉट्सअॅपवर अजून ताजी आहे. कल्पना सुंदर आहे, पण तशी जनुकं हुडकायला गेल्यावर हाताला फारसं काही लागलं नाही. ७२ च्या दुष्काळाने आपली जनुकं बदलली असं तर अजिबातच नाही, दोन पिढ्यांत ते होत नसतं.

गर्भातली उपासमार मात्र खरी गोष्ट आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास झाला. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली त्याच पद्धतीने मोजलेली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी त्या मानाने शाबूत. ‘बारीक-लठ्ठ बाळ’. तेव्हा घराण्यातून येतं ते सगळं जनुकांतूनच येतं असं नाही. आईच्या ताटातूनही येतं.

मानेवरचा काळेपणा कशाने जातो?

बेसन, लिंबू, हळद आणि घासणीने तरी जात नाही. आया पोरींची मान लाल होईपर्यंत घासतात, तो मळ नसतोच. रक्तात इन्सुलिन फार वाढलं की मान, काख, जांघेतली कातडी जाड, मखमली आणि काळसर होते. इन्सुलिन उतरलं की ती हळूहळू फिकी पडते. वजन बेताचं आणि काळेपणा मात्र गडद असेल, तर ते त्वचेच्या डॉक्टरांपुरतं ठेवू नका.

इन्सुलिन रेझिस्टन्स मोजायचा कसा?

उपाशीपोटी साखर आणि उपाशीपोटी इन्सुलिन, दोन्ही एकाच रक्तातून. दोन्हींचा गुणाकार करा आणि ४०५ ने भागा. साखर ९८ आणि इन्सुलिन १८ असेल तर ९८ गुणिले १८ म्हणजे १७६४, भागिले ४०५, उत्तर साधारण ४.४. अडीचच्या वर गेलं की सहसा रेझिस्टन्स धरतात. गंमत बघा, ९८ ही साखर नॉर्मलच छापून येते. ती नॉर्मल ठेवायला स्वादुपिंड किती राबतंय, ते दुसरा आकडा सांगतो. उपाशीपोटी मोजत असल्याने हा आकडा मुख्यतः लिव्हरबद्दलच बोलतो. वेगवेगळ्या लॅबमधलं इन्सुलिन मात्र एकमेकांशी ताडत बसू नका, पद्धती वेगळ्या असतात.

घरबसल्या जनुकांची चाचणी मिळते. करावी का?

बहुतेकांनी नाही. थुंकी पाठवून येणारा रंगीत अहवाल ‘तुम्हाला लठ्ठपणाचा मध्यम धोका’ असं सांगतो. ते आरसा आणि टेप फुकटात सांगतात. चाचणीला अर्थ आहे तो मोजक्या ठिकाणी. पाच वर्षांच्या आत प्रचंड वाढलेलं वजन आणि रात्री उठून डबे धुंडाळायला लावणारी भूक असेल, तर लेप्टिनचा रिसेप्टर, पीओएमसी, एमसी४आर ही जनुकं बघतात. यातल्या पहिल्या दोन दोषांवर सेटमेलॅनोटाइड हे औषध अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं. आणि हातापायांवर चरबी नाही, लिव्हर भरलेलं, ट्रायग्लिसराइड हजाराच्या घरात, अशा व्यक्तीच्या चाचणीलाही अर्थ आहे.

जनुकं बदलता येत नाहीत, मग पथ्य करून काय मिळणार?

लिव्हर हा वजन उतरल्याचा फायदा सर्वांत आधी दाखवणारा अवयव आहे. २००५ मध्ये येलमधल्या आठ मधुमेहींनी रोज १२०० कॅलरींवर सुमारे ८ किलो कमी केले. लिव्हरमधली चरबी १२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आली आणि लिव्हरचा इन्सुलिन रेझिस्टन्स गेला. वजन तेव्हाही जास्तच होतं! न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या रुग्णांत फार कमी कॅलरींवर उपाशीपोटीची साखर सात दिवसांत नॉर्मल झाली. त्यांच्याच पुढच्या मोठ्या चाचणीत वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहमुक्त होते, नेहमीचे उपचार घेणारे ४ टक्के. गोळ्या चालू असतील तर असं काही डॉक्टरांना न सांगता करू नका, साखर धाडकन उतरते.

पीएनपीएलए३ वाल्यांनाही हा मार्ग बंद नाही. त्या जनुकाचा परिणाम वजनासोबत फुगतो, म्हणजे वजन उतरलं की तोही आटतो. त्यांना दारू आणि गोड पेयं जास्त बाधतात. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे. पोळीवरच्या तुपावर डोळे वटारणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

मला फॅटी लिव्हर निघालं. घरातल्यांनीही तपासून घ्यावं का?

सख्ख्या भावंडांनी आणि पंचविशीपुढच्या मुलांनी घ्यावं. कंबर, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड, एएलटी (लिव्हरची रक्तचाचणी). तिशी ओलांडलेल्यांची गरज वाटली तर सोनोग्राफी. रिपोर्टात फॅटी लिव्हर आलं, तर वय, एएसटी (लिव्हरचीच दुसरी रक्तचाचणी), एएलटी आणि प्लेटलेट यांवरून एफआयबी-४ हा, लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज देणारा आकडा काढून मागा, त्याला वेगळा पैसा पडत नाही. आणि तपासायला बोलावताना फक्त जाड भावाला बोलावू नका. बारीक भावालाही आणा.